पेढीवरून व्यवस्थापनाच्या पाठशाळेकडे



गतवर्षी दशलक्षण पर्व आटोपून क्षमावाणी झाली होती आणि नव्या सोयाबीनची आवक नुकतीच सुरू झाली होती. अशा एका सकाळी आमच्या मिसरोदच्या पेढीवर आमचा पुतण्या एक छापील कागद घेऊन आला व "काका, यावर आपली सही हवी आहे," असे म्हणाला. त्याचे वय एकतीस. बी. कॉम. झाल्यापासून दहा वर्षे तो आमच्याबरोबर गादीवर बसत आला आहे. आमचे बंधू निवर्तल्यानंतर पुढे ही पेढी तोच चालवील, असे आम्ही गृहीतच धरले होते. व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणासाठी अर्ज करावयाचा आणि पुढे धान्याची कोठारे व वाहतूक सांभाळणाऱ्या एखाद्या मोठ्या कंपनीत काम करावयाचे, असा त्याचा मानस असल्याचे त्या कागदावरून आम्हांस प्रथमच कळले.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. कागद इंग्रजीत होता, तो सावकाश वाचला. या तरुणाने पेढीची उलाढाल चौपट केली व सारा व्यवहार संगणकावर आणला, असे त्यात लिहिले होते. वस्तुतः उलाढाल पाऊसपाण्याप्रमाणे कमीअधिक होत आली आहे आणि आमचे दिवाणजी रोजमेळ आजही लाल वहीतच लिहितात. हे शिफारसपत्र एका शिकवणी वर्गाने तयार करून दिले होते. खाली नाव तेवढे आमचे घालावयाचे होते.

आम्ही सही केली नाही. पर्वाच्या सातव्या दिवशीच तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाचे विवेचन आम्ही ऐकले होते. सत्याणुव्रताच्या अतिचारांत तेथे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, सांगितली आहे. आपण तो दोष खोट्या दस्तऐवजापुरता समजतो. परंतु शिफारसपत्र हाही लेखच होय.

तथापि एक गोष्ट प्रांजळपणे नमूद करावयास हवी. सही नाकारण्यात सत्याचा आग्रह किती होता आणि मुलगा पेढी सोडून जाऊ नये हा स्वार्थ किती होता, हे त्या रात्री आमचे आम्हांसच सांगता येईना. म्हणून या शिक्षणाची व त्याच्या अर्जाची माहिती करून घ्यावयाची, असे आम्ही ठरविले. ती सभासदांच्या घरांत उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे देत आहोत.

एक जुना आक्षेप

आपल्या बैठकीत हा विषय निघाला की कोणीतरी विचारतोच, "वालचंदशेठ कोणत्या शाळेत व्यवस्थापन शिकले होते?" आक्षेप खोटा नाही. सोलापूरच्या जैन पेढीत १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद पदवी न घेताच व्यवसायात पडले. परंतु त्यांनी घरचा कापसाचा व सावकारीचा धंदाही सोडला, हे आपण विसरतो. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून ते रेल्वेचे ठेकेदार झाले. पुढे १९१९ साली जहाजे आणि १९४० साली बंगलोरचा विमान कारखाना. ते दोघेही चालता व्यवसाय बदलणारेच होते. त्या काळी अशा माणसाला शिकावयास शाळा नव्हती. मुंबईचे सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयसुद्धा १९१३ सालचे.

दुसरे उदाहरण अहमदाबादचे. कस्तुरभाई लालभाई यांना १९१२ साली वडील निवर्तल्यामुळे कॉलेज सोडून गिरणीत यावे लागले. आणंदजी कल्याणजी पेढीचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते, हे आपण जाणतोच. पदवी हाती नसलेल्या याच श्रावकाने विक्रम साराभाई यांच्या बरोबरीने खटपट करून १९६१ साली अहमदाबादेत भारतीय व्यवस्थापन संस्था उभी करविली. केंद्र शासन, गुजरात शासन, स्थानिक उद्योगपती आणि अमेरिकेतील हार्वर्ड बिझिनेस स्कूल यांचे तीत सहकार्य होते. ज्या शिक्षणावाचून कस्तुरभाईंचे काही अडले नाही, ते पुढच्यांना मिळावे म्हणून त्यांनी श्रम घेतले. आमच्या मनातील आक्षेप येथे बराच सैल झाला.

तेथे काय शिकवितात

आमची समजूत अशी की, तेथे नफ्याची सूत्रे पाठ करून घेत असतील. प्रत्यक्षात हार्वर्डमध्ये, आणि तिच्या धर्तीवर अहमदाबादेतही, मुख्य भर प्रत्यक्ष प्रकरणांवर असतो. एखाद्या व्यवसायावर आलेला प्रसंग सविस्तर लिहून विद्यार्थ्यांपुढे ठेवतात आणि विचारतात, "या जागी आपण असता तर काय केले असते?" सायंकाळी गादीवर बसून अमक्याने माल धरून ठेवला ते बरोबर की चूक, याची चर्चा आपण करतो, तिचेच हे शिस्तबद्ध रूप. मुंबईच्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेवरही हार्वर्डमध्ये असे प्रकरण लिहिले गेले आहे.

एका प्रकरणाने आम्ही चकित झालो. २००० साली आय.टी.सी. कंपनीने आपल्या मध्य प्रदेशात ई-चौपाल सुरू केले. गावात संगणक ठेवून शेतकऱ्यास सोयाबीनचा भाव दाखवावयाचा व मंडीबाहेर थेट खरेदी करावयाची, अशी ती योजना. आपल्यापैकी अनेकांस ते दिवस स्मरत असतील. कोणी रागावले, कोणी हसले. २००३ साली हार्वर्डने त्यावर प्रकरण लिहून ते अभ्यासास लावले. आपल्या काट्यासमोर घडलेली गोष्ट सातासमुद्रापलीकडे पाठ्यविषय झाली आणि आपल्या मुलांना मात्र तिचा विचार करावयास कोणी शिकविले नाही. २०१६ साली ई-नाम ही राष्ट्रीय कृषिबाजार योजना आली, कोठारातील मालाच्या पावत्याही आता संगणकावर निघून त्यांवर कर्ज मिळू लागले. पुतण्याच्या मनात पेढी सोडण्याचा विचार याच बदलांतून आला होता.

अर्जाची अंगे

थेट कॉलेजातून जाणाऱ्यांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम व कॅट ही परीक्षा असते. काही वर्षे काम करून मार्ग बदलू इच्छिणाऱ्यांसाठी एक वर्षाचे अभ्यासक्रम निघाले आहेत. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझिनेसची पहिली तुकडी २००१ सालची, अहमदाबादचा अनुभवी लोकांसाठीचा अभ्यासक्रम २००६ सालचा. जवळ म्हणावे तर इंदूरची संस्था १९९६ पासून व नागपूरची २०१५ पासून आहे. पेढी न सोडता शिकावयाचे असेल, तर मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेत व्यापारी घराण्यांतील मुलांसाठी वेगळा अभ्यासक्रम आहे.

एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी बहुधा जीमॅट ही परीक्षा चालते. सव्वादोन तासांत चौसष्ट प्रश्न. गणित, भाषा आणि माहितीचा अर्थ लावणे असे तीन भाग. गुण २०५ ते ८०५ यांच्या दरम्यान आणि ते पाच वर्षे ग्राह्य. आमचा पुतण्या चार महिने पहाटे पाचला उठून अभ्यास करीत असे. तोंडी हिशेबाच्या सवयीने गणित त्यास सोपे गेले, इंग्रजीने दमविले.

खरी अडचण निराळीच निघाली. संस्था कामाच्या अनुभवाचा पुरावा मागतात: वेतनाची नोंद, भागीदारीपत्र किंवा प्राप्तिकराचे विवरण. दहा वर्षे जो पहाटे लिलावाला उभा राहिला, त्याचे नाव आमच्या एकाही कागदावर नव्हते. त्यास लागेल तसा खर्च घरातून मिळे. पगार असा कधी लिहिला गेला नाही. यात कोणाचा दोष असेल तर तो आमचा. मालाचा कण न् कण वहीत मांडणाऱ्या आम्ही मुलाची दहा वर्षे कोठेच मांडली नव्हती. अखेर बँकेतील जुन्या सह्या, मंडीच्या पावत्या व सनदी लेखापालाचा दाखला गोळा करून काम भागविले. सभासदांस आग्रहाची विनंती की, मुलगा वा मुलगी पेढीवर बसू लागताच वेतन लिहा अथवा भागीदारीत नाव घाला.

खर्चाचाही विचार हवा. नामांकित संस्थांपैकी काहींचे शुल्क तीस लाख रुपयांच्याही वर आहे, शिवाय वर्षभराची कमाई बुडते. बँका शिक्षणकर्ज देतात, पण व्याजाचे गणित व्यापाऱ्याने आधी करावे.

शिफारसपत्र आणि निबंध

घरच्या माणसाच्या पत्राला अशा अर्जात वजन नसते, हे चौकशीअंती कळले. म्हणजे आमची सही तशीही निरुपयोगीच होती. मग पत्र कोणाचे घ्यावे? पुतण्या पुष्कळ वेळ गप्प बसून म्हणाला, "इंदूरच्या डाळमिलवाल्यांना विचारू का?"

त्यामागे एक हकीकत आहे. चार वर्षांपूर्वी अवकाळी पावसात भिजलेला हरभरा त्याने ओलावा न मोजता खरेदी केला. माल कोठारात तापला व त्यास वास येऊ लागला. सौदा झालेला होता, मालमोटार भरलेली होती. गाडी सुटण्यापूर्वी त्याने स्वतः मिलमालकांस दूरध्वनी करून मालाची खरी स्थिती सांगितली आणि भाव उतरवून दिला. त्यात पेढीस सव्वा लाखाची खोट आली. आम्ही त्यास त्या दिवशी रागे भरलो होतो. मिलमालकांनी मात्र त्यानंतर आमच्या मालाचा नमुना कधी मागितला नाही.

त्यांनी आनंदाने पत्र दिले, आणि त्यात हीच हकीकत होती. पुतण्यानेही शिकवणी वर्गाचा निबंध बाजूस ठेवून तीच लिहिली: चूक कोणती झाली, ती कशी निस्तरली आणि ओल्या मालाचा हा प्रश्न एका पेढीच्या शक्तीबाहेरचा असल्याने कोठारव्यवस्था शिकावयाची आहे. मार्ग बदलणाऱ्यास या संस्था मुख्यतः तीनच गोष्टी विचारतात: आजवर काय केले, ते का सोडता, पुढे कोठे जाणार. व्यापाऱ्याच्या मुलाने याची उत्तरे स्वतःच्या वहीतून द्यावीत, उसन्या शब्दांतून देऊ नयेत, एवढेच या अनुभवाचे सार.

एका संस्थेने त्यास नाकारले. दुसरीने मुलाखतीस बोलाविले. "पेढी एवढी चांगली चालते, तर सोडता का?" असे त्यास विचारण्यात आले. "पेढी काकांनी चांगली चालविली आहे; मी अजून काही चालविलेले नाही," असे तो म्हणाला. हे उत्तर त्याने आम्हांस घरी येऊन सांगितले, तेव्हा आम्हांस काय वाटले ते लिहिणे कठीण आहे. त्यास प्रवेश मिळाला व तो गेल्या एप्रिलात, रब्बीच्या ऐन धामधुमीत, रवाना झाला. त्या हंगामात आमची ओढाताण झाली हे खरे. पेढीचे पुढे काय, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. तो सुटला आहे असे येथे लिहिले, तर तीही कूटलेखक्रियाच होईल.

संघटनेस विनंती

आपल्या संघटनेने दोन गोष्टी कराव्यात असे सुचवितो. समाजातील जे तरुण अशा संस्थांतून शिकून आले आहेत, त्यांची वर्षातून एकदा सभासदांच्या मुलामुलींशी गाठ घालून द्यावी, म्हणजे छापील निबंध विकणाऱ्यांकडे कोणास जावे लागणार नाही. दुसरे, बिनव्याजी शिक्षणनिधी उभारावा. त्यात आम्ही आमचा वाटा घालूच.

येत्या दिवाळीस वहीपूजन होईल. नव्या वहीत पुतण्याच्या नावे एक पान घालण्यास दिवाणजींना सांगितले आहे. मागील दहा वर्षांचे त्याचे वेतन, आम्हांस न्याय्य वाटते त्या दराने, त्या पानावर प्रथमच जमेस पडेल. त्यातून त्याच्या शुल्काचा काही भाग भागेल, आणि आमचे एक जुने देणेही फिटेल.

जय जिनेंद्र.