नैरोबीचं जंगल म्हणजे 'झू' नव्हे

मुंबईहून थेट विमानाने नैरोबी सहा तासांवर आहे. केनियाला येणारी बहुतेक मराठी मंडळी इथे एक रात्र काढतात आणि सकाळी चहा-नाश्ता उरकून मसाई माराच्या रस्त्याला लागतात. एक दिवस शहरात थांबा, नैरोबी नॅशनल पार्क बघा, असं सुचवलं की ठरलेलं उत्तर येतं : "ते शहरातलं ना? ते झू आहे हो. कुंपण घालून प्राणी सोडलेत. आम्हाला खरं जंगल बघायचंय." सहल ठरवून देणारे हे सांगतात, आधी जाऊन आलेले नातेवाईक सांगतात, आता व्हिडिओ करणारेही सांगू लागलेत. एखादी चुकीची गोष्ट इतक्या खात्रीने पसरत असेल, तर तिला एकदा सविस्तर उत्तर दिलंच पाहिजे.

हा गैरसमज हवेतून आलेला नाही. लांगाटा रोडवर केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसचं मुख्यालय आहे आणि पार्कचं मुख्य फाटकही तिथेच आहे. त्याच परिसरात आणखी दोन ठिकाणं आहेत. एक आहे ॲनिमल ऑर्फनेज, म्हणजे जखमी, आजारी, आईवेगळ्या प्राण्यांचा आश्रम. तिथे सिंह, चित्ते, माकडं पिंजऱ्यांत असतात. दुसरं आहे सफारी वॉक. तिथे उंचावर बांधलेल्या लाकडी वाटेवरून चालत बंदिस्त जागेतले प्राणी बघायचे. दोन्हींची तिकिटं वेगळी, दोन्हीकडे गाडी लागत नाही आणि थोड्या वेळात उरकतं. घाईतल्या पाहुण्याला तिथेच नेलं जातं. तो जाळीपलीकडच्या सिंहाचा फोटो काढतो आणि घरी जाऊन सांगतो, नैरोबी पार्क पाहिलं, झू आहे. त्याने पार्कचं फाटक ओलांडलेलंच नसतं!

त्या फाटकाच्या आत 117 चौरस किलोमीटरचं माळरान, झाडीच्या पट्ट्या, नदीकाठ आणि दऱ्या आहेत. आपल्या बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्रफळ सुमारे 104 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे हे त्याहून मोठं. 1946 साली घोषित झालेलं हे केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. शहराच्या मध्यापासून ते जेमतेम सात किलोमीटरवर आहे. आत सिंह आहेत, बिबटे आहेत, चित्ते आहेत. तरस, रानरेडे, जिराफ, झेब्रे, शहामृग आणि हरणांच्या कितीतरी जाती आहेत. काळे गेंडे आहेत, आणि ते नुसते दाखवायला ठेवलेले नाहीत. इथे वाढलेले गेंडे केनियातल्या दुसऱ्या उद्यानांत नेऊन तिथली संख्या वाढवली गेली आहे. सिंहांना कोणी मांस टाकत नाही. त्यांना झेब्रा मिळाला तर पोट भरतं, नाही मिळाला तर उपास घडतो.

"पण कुंपण आहे ना?" हो, आहे. उत्तरेला, पूर्वेला आणि पश्चिमेला आहे, कारण त्या तिन्ही बाजूंना वस्ती, कारखाने आणि मोठे रस्ते आहेत. दक्षिणेची सीमा म्हणजे म्बागाथी नदी. तिच्या पलीकडे किटेंगेला आणि आथी-कापिटीची मैदानं पसरलेली आहेत. पाऊस झाला की तिथे गवत उगवतं, ठिकठिकाणी पाणी साचतं आणि चरणारे प्राणी पार्क सोडून तिकडे जातात. कोरडे महिने आले की पलीकडचं पाणी आटतं. पार्कमध्ये मात्र बंधारे आहेत, बारमाही पाणी आहे, म्हणून कळप परत येतात. त्यांच्या मागोमाग सिंह येतात. हे येणंजाणं पार्कची घोषणा होण्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. ज्या जागेतले प्राणी ऋतूप्रमाणे निघून जातात आणि आपल्या मर्जीने परत येतात, तिला झू कसं म्हणायचं?

कोणाला अजून शंका असेल तर दक्षिण सीमेवरच्या मसाई गुराख्यांना विचारावं. रिचर्ड तुरेरे हा तिथलाच मुलगा. पार्कमधले सिंह रात्री येऊन त्याच्या घरची गुरं मारायचे, आणि गुरांची जबाबदारी त्याच्यावर होती. त्याने आधी आग पेटवून पाहिली, मग बुजगावणं उभं केलं. एक दिवस सिंह बिचकले, दुसऱ्या दिवसापासून त्यांना सवय झाली. एका रात्री हातात टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फेऱ्या मारताना त्याच्या लक्षात आलं की हलत्या उजेडाला सिंह जवळ येत नाहीत. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. गाडीची जुनी बॅटरी, एक सोलर पॅनल, मोटरसायकलच्या इंडिकेटरची डबी आणि मोडक्या टॉर्चमधले दिवे असं साहित्य जमवून त्याने गोठ्याच्या कुंपणावर आळीपाळीने लुकलुकणारे दिवे बसवले. कोणीतरी कंदील घेऊन फिरतंय, असं सिंहांना वाटू लागलं आणि त्यांचं येणं थांबलं. 2013 साली टेड परिषदेत त्याने ही सगळी हकिकत स्वतः सांगितली आहे. ती ऐकल्यावर या सिंहांना पाळीव म्हणायला कोणाची जीभ रेटू नये.

सिंह फार दूरवरही जातात. 2016 च्या मार्चमध्ये पार्कमधला मोहॉक नावाचा प्रसिद्ध सिंह इसिन्याच्या बाजूला पोहोचला, लोकांची गर्दी जमली आणि शेवटी वनरक्षकांनी त्याला गोळी घातली. केनियात त्यावर मोठा संताप उसळला होता.

झू म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो एवढ्यासाठी की खरी चिंतेची गोष्ट नेमकी उलटी आहे. ही जागा बंदिस्त आहे हे तिचं दुखणं नाही, ती बंदिस्त होत चालली आहे हे आहे. दक्षिणेकडच्या जमिनींचे तुकडे पडून विकले जात आहेत, त्यांना तारा लागत आहेत, घरं आणि कारखाने उभे राहत आहेत. जोसेफ ओगुटू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या पट्ट्यातले स्थलांतर करणारे विल्डबीस्ट 1978 मध्ये 30 हजारांच्या घरात होते, 2011 पर्यंत ते 5 हजारांच्याही खाली आले. मसाई मारातलं स्थलांतर बघायला जग लोटतं, आणि नैरोबीच्या दारातलं स्थलांतर एका पिढीच्या डोळ्यांदेखत संपत आलं. पार्कमधून आता रेल्वेही जाते. मोम्बासा-नैरोबी मार्ग पुढे नैवाशापर्यंत वाढवताना तो सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या उंच पुलावरून पार्कच्या पार नेला गेला. जिराफ पुलाखालून जातात खरे, पण विरोध झाला होता आणि तो योग्यच होता. 'ते काय, झूच तर आहे' हे वाक्य पाहुण्याच्या तोंडून निघतं तेव्हा निरुपद्रवी वाटतं. तेच जमिनीवर डोळा असलेल्याच्या तोंडी गेलं की त्याचं काम सोपं होतं.

इथे काय नाही तेही सांगतो. माराचं अथांगपण नाही. उत्तरेकडे पाहिलं की गवतामागे उंच इमारती दिसतात, विमानं डोक्यावरून जातात. हत्ती अजिबात नाहीत, त्यामुळे 'बिग फाइव्ह'पैकी चारच इथे आहेत. बिबट्या तर नशिबानेच दिसतो.

बघायचं असेल तर सकाळी सहाला फाटक उघडताना हजर राहा. दहाला पोहोचून 'काही दिसलं नाही' म्हणणाऱ्यांची तक्रार ऐकून घेण्यासारखी नसते. उन्हं चढली की सिंह झुडपात शिरतात. जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै ते ऑक्टोबर हे कोरडे महिने चांगले, वर सांगितलेल्या पाण्याच्या कारणासाठी. पावसात जायचं तर फोर-व्हील गाडीच घ्या. इथली माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी आहे, ओली झाली की चाकाला चिकटून बसते आणि गाडी जागची हलत नाही. गाडीतून उतरायचं नाही. ठरवून दिलेल्या मोजक्या जागाच त्याला अपवाद आहेत. पाणघोड्यांच्या डोहापाशी बंदूकधारी रक्षकासोबत नदीकाठाने चालता येतं. तिथे झाडीत गप्प उभं राहिलं की आधी पाण्यावर नुसत्या नाकपुड्या आणि कान दिसतात, मग फुस्स आवाज होऊन तुषार उडतात, आणि तेव्हा कळतं की समोर दगड वाटत होते ते सगळे पाणघोडेच आहेत. प्रवेशशुल्क रोख घेत नाहीत, आधी ऑनलाइन भरून ठेवावं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

आफ्रिका म्हणजे उकाडा. नैरोबी विषुववृत्ताला खेटून असलं तरी समुद्रसपाटीपासून जवळपास 1,800 मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा सुमारे 400 मीटर उंच. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभर ढगाळ असतं आणि पहाटेच्या सफारीत स्वेटर नसलेली माणसं कुडकुडतात. या उंचीमुळेच शहरात मलेरियाचा धोका कमी आहे. पण मारा किंवा किनारपट्टीचा बेत असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना गोळ्यांबद्दल विचारायलाच हवं.

शेल्ड्रिकमध्ये हत्तीच्या पिल्लांचे खेळ करून दाखवतात. खेळ वगैरे काही नसतात. पार्कच्या कडेला असलेल्या या अनाथ पिल्लांच्या संगोपनकेंद्रात लोकांना रोज फक्त अकरा ते बारा हा एक तास, तोही आधी नोंदणी करून मिळतो. पिल्लं बाटलीने दूध पितात, चिखलात लोळतात, आणि मोठी झाली की त्सावोच्या जंगलात परत जातात.

शाकाहारी माणसाची उपासमार होते. एका शतकाहून जास्त काळ गुजराती, पंजाबी कुटुंबं इथे राहत आहेत. केनिया सरकारने 2017 साली या समाजाला देशाची 44वी जमात म्हणून मान्यता दिली. पार्कलँड्स भागात थाळी मिळते. स्थानिक खानावळीतही चपाती आणि न्देंगू, म्हणजे मुगाची आमटी, रोजचीच असते.

नाकुरू तलाव फ्लेमिंगोंनी गुलाबी झालेला असतो. ते फोटो जुने आहेत. गेल्या दशकात तलावाची पातळी खूप वाढली, खारं पाणी पातळ झालं, फ्लेमिंगो ज्यावर जगतात ते शेवाळ कमी झालं आणि बहुतेक पक्षी बोगोरियासारख्या दुसऱ्या तलावांकडे गेले. नाकुरूला गेंड्यांसाठी जावं, गुलाबी पाण्यासाठी नाही.

केनियाला आता व्हिसा लागत नाही, पासपोर्ट घेऊन निघायचं. 2024 च्या जानेवारीपासून व्हिसाच्या जागी ई-टीए आला. तो निघण्यापूर्वी ऑनलाइन अर्ज करून आणि शुल्क भरूनच मिळतो. आणि पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला भारतात परतताना आपल्याच विमानतळावर मागितला जातो. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर भारतात विलगीकरणात बसावं लागू शकतं.

घरून चिवडा-चकल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून न्यायला हरकत नाही. हरकत आहे. केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे आणि 2020 पासून राष्ट्रीय उद्यानांत पाण्याच्या एकदा वापरून फेकायच्या बाटल्याही नेता येत नाहीत. स्टीलचे डबे आणि बाटल्या आणा.

मसाई मारा नैरोबीहून एका दिवसात करता येतं. हे सांगणारा तुम्हाला फसवतो आहे. अंतर सुमारे 270 किलोमीटर, रस्त्याने पाच-सहा तास. पहाटे निघून रात्री परतलात तरी प्राणी बघायला दोन-तीन तास मिळतील, तेही भर दुपारचे. तिथे किमान दोन रात्री राहा. एका दिवसाचीच सहल हवी असेल तर नैवाशाला जा, साधारण 90 किलोमीटर. जवळच हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान आहे. फाटकापाशी सायकल भाड्याने मिळते आणि झेब्रे, जिराफ, रानडुकरांच्या मधून उभ्या कड्यांखालून ती चालवता येते. रानरेड्यांपासून मात्र लांब राहायचं. तिथल्या अरुंद घळीबद्दल एकच सांगणं आहे. वरच्या डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. 2019 च्या सप्टेंबरमध्ये अशाच लोंढ्यात पर्यटक वाहून गेले. घळ उघडी आहे का हे फाटकावरच्या रक्षकाला विचारा, आणि त्याने नाही म्हटलं तर खाली उतरू नका.