हरेली आणि दिव्यांची अवस

24 जुलै 2025, गुरुवार. भिलाईच्या दक्षिणेला, दुर्ग जिल्ह्यातल्या उतईत त्या दिवशी हरेली होती. हरेलीला छत्तीसगढचा शेतकरी नांगर, कुदळ, फावडं धुऊन अंगणात पसरलेल्या मुरमावर मांडतो आणि त्यांची पूजा करतो. गोड चिल्याचा नैवेद्य होतो, दाराला कडुलिंबाची डहाळी खोचतात, पोरं बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून चालतात. त्याच दिवशी अकोल्या-पुण्याच्या घरांत समया आणि निरांजनं घासून पाटावर मांडली होती, कणकेचे दिवे उकडले जात होते. आपली दिव्यांची अवस. अमावास्या एकच, पण उतईत ती श्रावणातली आणि आपल्याकडे आषाढातली.

हे कसं होतं ते सावकाश पाहू, कारण हिंदू धर्माचा स्वभाव इथे हाताला लागतो.

चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी होते. अशा तीस तिथींचा, म्हणजे सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा, चांद्रमास. तो कुठे संपवायचा याच्या दोन रीती आहेत. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तो अमान्त. छत्तीसगढात आणि उत्तरेत पौर्णिमेला संपतो, तो पौर्णिमान्त. शुक्ल पक्षाचं नाव दोन्हीकडे सारखंच राहतं. वद्य पक्षात मात्र त्यांचा महिना आपल्यापुढे एक नाव असतो. त्यामुळे आपला श्रावण अमावास्येचा पोळा तिथे भाद्रपद अमावास्येचा पोरा होतो. मातीचे बैल तेच, सण तोच. पुढे शुक्ल तृतीयेला आपली हरतालिका आणि त्यांची तीजा येते, आणि ती दोघांचीही भाद्रपदातलीच. तीजेला भाऊ किंवा वडील लेकीला माहेरी घेऊन येतात. आदल्या संध्याकाळी कारल्याची भाजी आणि भात खाऊन बायका उपास धरतात.

अधिक महिन्यात ही गुंफण आणखी सुंदर होते. बारा चांद्रमासांचे साधारण 354 दिवस. सौरवर्षापेक्षा ते अकरा दिवसांनी कमी पडतात, म्हणून सूर्याची संक्रांत ज्या चांद्रमासात येत नाही तो अधिक धरतात. 2026 साली 17 मे ते 15 जून हा अधिक ज्येष्ठ. तो दोन्हीकडे शुक्ल प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतच चालतो. म्हणजे छत्तीसगढात नेहमीच्या ज्येष्ठाचा वद्य पक्ष आधी होतो, मधे अख्खा अधिक महिना येतो, आणि मग उरलेला शुक्ल पक्ष.

मग खरा श्रावण कोणाचा? दोघांचाही. धर्माने आकाश एक मानलं आणि मोजदाद त्या त्या प्रदेशावर सोपवली. लोकमान्य टिळकांनी हिंदू धर्माची जी व्याख्या केली तिच्या मुळाशी हेच आहे: वेदांविषयी आदर, साधनं अनेक असल्याची जाण, आणि अमुकच देव भजावा असा नियम नाही. 14 जानेवारी 1966 ला सर्वोच्च न्यायालयाने याच व्याख्येचा आधार घेतला. अहमदाबादच्या स्वामीनारायण मंदिराचे काही सत्संगी म्हणत होते, आमचा संप्रदाय हिंदूंपासून वेगळा आहे, म्हणून मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी तो दावा फेटाळला. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो, कारण व्याख्येचा हा मोकळेपणा त्याने दलितांना मंदिराचं दार उघडून देण्यासाठी वापरला.

उपास्याचं हे स्वातंत्र्य छत्तीसगढात डोळ्यांना दिसतं. दिवाळीत गौरा-गौरीच्या मातीच्या मूर्ती करून शिवपार्वतीचं लग्न लावतात, त्यात गोंड समाजाचा पुढाकार असतो. कबीरपंथी निर्गुणाला भजतात, दामाखेडा ही त्यांची मोठी गादी. गुरू घासीदासांनी मूर्तिपूजा नाकारून सतनामाचा मार्ग दिला. त्यांच्या अनुयायांपैकी अनेक जण आपला धर्म स्वतंत्र मानतात, आणि तसं मानण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. आणि राम? कौसल्या दक्षिण कोसलची, म्हणजे छत्तीसगढची लेक, म्हणून राम इथल्यांचा भाचा! त्या नात्याने मामा भाच्याच्या पाया पडतो, घराघरात. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आत्मा अमर आहे, केलेल्या कर्माचं फळ भोगावं लागतं, त्यासाठी पुन्हा जन्म येतो आणि या फेऱ्यातून सुटणं म्हणजे मोक्ष, एवढं बहुतेक संप्रदाय मानतात. जीव आणि ब्रह्म एकच की वेगळे, यावर शंकराचार्य आणि मध्वाचार्य यांची मतं अगदी उलट आहेत, तरी दोघेही आचार्यच. घरात मात्र हा विश्वास बहुधा तत्त्वज्ञानाच्या वाटेने येत नाही. तो श्राद्धाच्या पानावरून येतो. माणूस गेला तरी त्याच्याशी नातं तुटत नाही, त्याचं ऋण उरतं, असं आपण मानतो आणि तिथी धरून ते फेडतो.

इथेच दोन पंचांगांचा फरक फार जपावा लागतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी घरं छत्तीसगढात आहेत. बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला रामटेकरीवर राममंदिर बांधलं. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली, आणि कारखान्याबरोबर देशभरातली माणसं या भागात आली. अशा घरातलं कोणी वद्य पक्षात गेलं, तर उतईचा पंडित श्रावण कृष्ण पंचमी सांगेल. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी ती आपल्या श्रावणाची धरली तर वर्षश्राद्ध एक महिना उशिरा होईल, कारण आपल्या पंचांगात ती आषाढ वद्य पंचमी.

म्हणून घरातल्या वहीत तिथी लिहाल तेव्हा शेजारी इंग्रजी तारीख आणि महिना अमान्त की पौर्णिमान्त, हे दोन्ही लिहून ठेवा.