उंबरठ्यावरचा प्रचार

निवडणूक म्हटली की सभा, भोंगे आणि मिरवणुका डोळ्यांपुढे येतात. मी अमरावती-अकोल्याकडे बरीच वर्षं घरोघरी फिरून प्रचार केला. त्यावरून माझं मत असं झालं आहे, की पुष्कळांचं मत ओसरीवर ठरतं. आणि निकाल कधी कधी फार थोड्या मतांवर लागतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अकोला पश्चिमचा निकाल १,२८३ मतांनी लागला. ६४२ मतदारांनी बाजू बदलली असती, तर तो फिरला असता. एवढे मतदार शहराच्या चार गल्ल्यांत सापडतात. म्हणून नव्याने निघालेल्या कार्यकर्त्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट यादीची. पत्रकांच्या आधी आपल्या भागाची मतदार यादी हातात घ्या. घरात गेल्यावर पहिला प्रश्न 'मत कोणाला?' असा नको, 'सगळ्यांची नावं यादीत आहेत का?' असा हवा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरीच राहिलेलं असतं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचं नाव घातलेलंच नसतं. नव्या नावासाठी नमुना ६ भरावा लागतो, पत्ता बदलला असेल तर नमुना ८. लोकसभा-विधानसभेसाठी उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरतं नाव घालता येत नाही. मतदानाच्या दिवशी 'कार्ड तं हाये जी, मंग नाव काऊन नाई?' असं विचारत परत फिरणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. ओळखपत्र असणं वेगळं आणि यादीत नाव असणं वेगळं. त्या दिवशी कोणालाच काही करता येत नाही. म्हणून ही फेरी अर्ज भरणं सुरू होण्याच्या बरीच आधी करायची.

दुसरी गोष्ट वेळेची. २०२४ साली आपल्या दोन्ही जिल्ह्यांत लोकसभेचं मतदान २६ एप्रिलला झालं आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. एप्रिलच्या दुपारी वऱ्हाडात दार वाजवणं म्हणजे झोपलेल्या माणसाचा राग ओढवून घेणं. नोव्हेंबरात बाया कापूस वेचायला वावरात गेलेल्या असतात. तेव्हा सकाळी लवकर जा किंवा दिवेलागणीला जा. मेळघाटात जायचं असेल तर कोरकू बोलणारा सोबती घ्या.

तिसरी गोष्ट बोलण्याची. दोघांनीच जावं, त्यात एक बाई असली तर उत्तम. आपलं नाव, गाव आणि कोणासाठी आलो हे आधी सांगावं. 'या जी, बसा' म्हटलं तर बसावं, पाणी घ्यावं. घरधन्याशी बोलून उठू नये. सासू, सून, कॉलेजातली पोर यांचंही मत वेगवेगळं असतं. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. आपणही तेच करावं. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, सोयाबीनला काय भाव मिळाला, हे विचारा आणि ऐका. समोरचा विरोधात बोलला तर वाद घालू नका. वाद जिंकून मत मिळाल्याचं मला आठवत नाही.

चौथी गोष्ट वहीची. ऐकलेलं बाहेर आल्याबरोबर लिहून ठेवा. जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द देऊ नका. 'विचारून सांगतो' म्हटलं असेल, तर उत्तर नाही मिळालं तरी पुन्हा जाऊन तेवढं सांगा. लोक हे विसरत नाहीत.

शेवटी कायद्याचं. पैसा, साडी, जेवण यांचं आमिष दाखवणं गुन्हा आहे. जातीच्या किंवा धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट प्रकार ठरतो. भाड्याच्या गाडीने मतदारांना फुकट केंद्रावर नेणंही त्यातच येतं. आपण देतो ती मतदार चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदाची असावी, तिच्यावर उमेदवाराचं नाव किंवा चिन्ह नको. चिठ्ठीवर मत देता येत नाही, सोबत ओळखपत्र लागतं, हेही घरोघरी सांगा. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही.

निवडणुकीत एकच उमेदवार निवडून येतो. पण त्याच दारासमोरून आपल्याला पुढची पाच वर्षं जायचं असतं. 'काय भाऊ, कसे आहात?' असं त्या घरातून कोणी विचारलं, तर आपला प्रचार नीट झाला असं समजावं.