गाडी जाते, नाव मागे राहतं

आमचे अब्बा वसई रोड स्टेशन ते पापडी असा टांगा हाकायचे. रिक्षा वाढल्या, टांगा परवडेना, तेव्हा त्यांनी घोडा विकायला काढला. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गिऱ्हाईक आलं की अब्बा आधी घोड्याचा मागचा डावा पाय उचलून दाखवत आणि सांगत, "चढावर हा पाय दुखतो याचा." अम्मी आतून चिडायची. आधी ऐब सांगायचा आणि मग किंमत, हा काय धंदा झाला? शेवटी घोडा ओळखीतल्याच एकाला गेला. पैसे मोजून घेतले, लगाम त्याच्या हातात दिला, व्यवहार संपला. पुढे त्या घोड्याने कुणाला लाथ मारली असती तरी आमच्या दारात कुणी आलं नसतं.

मोटारीचं तसं नाही. हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

माझे थोरले बंधू, आमचे भाईजान, बावीस वर्षं कुवेतला काढून परत आले आणि २०१९ मध्ये त्यांनी पांढरी फॉर्च्युनर घेतली. आमच्या सोपाऱ्याच्या गल्लीत ती धड वळायचीसुद्धा नाही. पण वाळवंटात दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेल्या माणसाची ती हौस होती. जानेवारी २०२५ मध्ये भाईजान गेले. पुढे एके दिवशी भाभी म्हणाल्या, "भाई, गाडी तुम्हीच विकून द्या. मुलाला व्यवहारातलं काही कळत नाही." जणू मला कळतं! मी आयुष्यात फक्त एक स्कूटर विकली आहे, तीही भंगारवाल्याला. माझे कवितासंग्रह दुकानदार सन्मानाने परत पाठवतात. पण त्या पैशांत घराचं उरलेलं कर्ज फिटायचं होतं आणि धाकट्या पुतणीच्या कॉलेजची दोन वर्षं निघायची होती. नाही म्हणणं शक्य नव्हतं.

पहिला धडा असा की मृत माणसाची गाडी विकता येत नाही. आधी ती वारसाच्या नावावर करावी लागते. नियम म्हणतो, मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवा आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्या. इकडे भाभींची इद्दत सुरू, म्हणजे चार महिने दहा दिवस त्या घराबाहेर पडणार नव्हत्या. शेवटी सह्या घरीच झाल्या आणि पुतण्याने विरारच्या आरटीओचे खेटे घातले. मृत्यूचा दाखला, वारसांची ना-हरकत, प्रतिज्ञापत्रं. त्यात आणखी एक गंमत निघाली. गाडीचं कर्ज भाईजाननी कधीच फेडलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. एजंट लोक याला 'एचपी उतरवणं' म्हणतात. त्याला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. कर्ज फेडणारे हे हमखास विसरतात आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना त्यांना ते आठवतं. २०२१ पासून आरसीवर वारसदाराचं, म्हणजे नॉमिनीचं नाव लावता येतं. भाईजाननी ते लावलेलं नव्हतं. तुम्ही लावलं आहे का, जरा बघा.

कागद जुलैत तयार झाले आणि मग खरा प्रश्न आला. विकायची कशी?

छोट्या गाडीला हा प्रश्न फारसा पडत नाही. जुनी स्विफ्ट काढली तर वसईत आठवड्यात दहा जण बघून जातात. पण वीस-पंचवीस लाखांत माणूस शोरूममधून कोरी गाडी घेतो, तीही वॉरंटीसकट. त्या पैशांत सहा वर्षांची गाडी घेणारा माणूस वेगळा असतो. त्याला तीच मोठी गाडी हवी असते, पण नवीची किंमत झेपत नाही. असे लोक मोजके. त्यातल्या बहुतेकांना कर्ज लागतं, जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नवीपेक्षा चढा असतो आणि बँक स्वतःच्या माणसाकडून गाडीची किंमत ठरवून घेते. म्हणजे महागड्या गाडीचं गिऱ्हाईक उशिरा येतं आणि हळू चालतं. तोवर गाडी तुमच्या दारात, समुद्राचा खारा वारा खात उभी. आमच्या गाडीच्या वायरी पावसाळ्यात उंदरांनी कुरतडल्या, तो खर्च वेगळा.

मी आधी शोरूममध्ये गेलो. तिथे २२ लाख सांगितले, नवी गाडी घेतली तर वर एक्सचेंज बोनस. नवी घ्यायची नसेल तर त्या दारात फार वेळ घालवू नये. मग मोबाइलवरून गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा तरुण घरी आला. पत्रा किती जाडीचा रंग धरून आहे हे एका यंत्राने मोजलं, शंभरेक फोटो काढले. मग देशभरातले डीलर फोनवरच बोली लावू लागले. मला बैलबाजार आठवला. तिथे दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात आणि बैलाचा धनी शेजारी नुसता उभा असतो. आमचंही तसंच. बोली २३ लाख १० हजारांवर थांबली, दुसऱ्या तपासणीनंतर २२ लाख ६० हजार झाली. पैसे दोन दिवसांत आणि नाव बदलण्याची जबाबदारी त्यांची, असं लेखी मिळत होतं.

भाभींना हा भाव कमी वाटला. मलाही वाटला. पण डीलर लुटतो, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. त्याचं भांडवल महिनोन्‌महिने अडकतं, डागडुजी त्याची, गिऱ्हाइकाची तक्रार त्याने ऐकायची आणि खरेदी-विक्रीतल्या फरकावर त्याला जीएसटी भरावा लागतो. जानेवारी २०२५ पासून हा दर सगळ्याच जुन्या मोटारींना १८ टक्के आहे. तुम्ही-आम्ही आपली गाडी दुसऱ्या माणसाला थेट विकली तर हा कर लागत नाही. थेट विक्रीत दोन-तीन लाख जास्त मिळतात, त्यातला थोडा भाग हा आहे. उरलेला भाग म्हणजे डीलरचा त्रास आणि धोका, जो आता तुम्ही उचललेला असतो.

तेवढ्यात हायवेवरच्या एका डीलरने तिसरा रस्ता दाखवला. गाडी त्याच्याकडे ठेवायची, त्याने गिऱ्हाईक शोधायचं, विकली की दलाली घ्यायची. 'पार्क अँड सेल' म्हणतात याला. "पंचवीस मिळवून देतो, चाचा," असं तो इतक्या अदबीने म्हणाला की मी चावी दिली. आणि त्याने पुढे केलेल्या फॉर्म २९ आणि ३० वर भाभींच्या सह्याही दिल्या. खरेदीदाराचं नाव कोरं, तारीख कोरी. कवी माणूस, कोऱ्या कागदाची भीती वाटली नाही!

एका शनिवारी रात्री पुतण्याचा फोन आला. गाडीचा फास्टॅग त्याच्या मोबाइलला जोडलेला होता. सव्वाअकराला खानिवडे टोल नाक्याचे पैसे कापले गेले आणि तासाभराने चारोटीचे. आमची फॉर्च्युनर, जी शोरूमच्या काचेमागे उभी असायला हवी होती, रात्री बाराला गुजरातच्या दिशेने निघाली होती. रविवारी संध्याकाळी तसेच दोन मेसेज उलटे आले. सोमवारी मी विचारलं तर डीलर हसून म्हणाला, "गिऱ्हाइकाला लाँग ड्राइव्ह हवी होती."

त्या रात्री मी झोपलो नाही. गाडीने कुणाला उडवलं असतं तर? नाव भाभींचं, सही भाभींची. ओळखीच्या वकिलांना विचारलं तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल सांगितला. उत्तरेतल्या एका माणसाने २००७ मध्ये आपली मोटार विकली. ती हातोहात पुढे विकली गेली, पण आरसीवरचं नाव कुणीच बदललं नाही. २००९ मध्ये त्या गाडीखाली एक जण मेला. पहिला मालक म्हणाला, माझा काय संबंध, मी तर कधीच विकली. न्यायालयाने सांगितलं, कायद्याच्या नजरेत मालक तोच ज्याच्या नावावर नोंदणी आहे, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. जखमी माणसाने किंवा मेलेल्याच्या घरच्यांनी गाडी कुणाकुणाच्या हातून गेली हे शोधत फिरायचं का, असा त्यामागचा विचार आहे आणि तो मला पटतो. पण तो वाचताना घाम फुटला, हेही खरं.

म्हणजे गाडी विकणं ही एक गोष्ट आणि नाव निघणं ही दुसरी. या दोन्हींमध्ये जितके दिवस जातात, तितके दिवस तुम्ही न पाहिलेल्या ड्रायव्हरचे जामीनदार असता. मी इतके दिवस कुणी किती देतो हे लिहून ठेवत होतो. त्या रात्री वहीत दुसरा रकाना आखला: नाव किती दिवसांत निघणार आणि कोण काढणार.

डीलरांसाठी याची तरतूद आता झालेली आहे, ती मला माहीत नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते पाच वर्षं चालतं. अशा डीलरकडे गाडी सोपवताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. तो भरला की त्या क्षणापासून, गाडी तुमच्या नावावर असली तरी, तोच मालक मानला जातो आणि अपघाताची, चलनाची जबाबदारी त्याची. गाडी कुठे, कशासाठी नेली याची नोंदवही त्याने ठेवायची आणि चाचणी, दुरुस्ती, गिऱ्हाइकाला दाखवणं यापलीकडे ती फिरवायची नाही. मी आमच्या डीलरला अधिकारपत्र मागितलं. तो म्हणाला, "करायला टाकलंय." मी चावी आणि सह्या केलेले फॉर्म परत घेतले. फॉर्म परत मिळायला तीन चकरा झाल्या.

यात दीड महिना गेला आणि तो महागात पडला. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी कपातीची घोषणा केली तसं गिऱ्हाईक थांबलं. २२ सप्टेंबरला मोठ्या गाड्यांवरचा कर आणि उपकर मिळून ५० टक्क्यांचा दर ४० वर आला आणि नवी फॉर्च्युनर सुमारे साडेतीन लाखांपर्यंत स्वस्त झाली. नवी उतरली की जुनी उतरणारच. एके काळी नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा, तेव्हा जुनी गाडी नव्यापेक्षा महाग जायची. आता उलटं. त्या मोबाइलवाल्या कंपनीने पुन्हा बोली लावली ती २० लाख ९० हजारांची. चांगल्या भावासाठी थांबायलाही भाडं पडतं, फक्त त्याची पावती मिळत नाही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही जाहिरात दिली, भाईजानच्या दोस्तांत शब्द टाकला. दोन माणसं खरी निघाली. एक वापीचे व्यापारी. साडेचोवीस लाख, त्यातले अर्धे रोख आणि गाडी लगेच नेणार. दुसरे वसईगावातले एक डॉक्टर. तेवीस लाख चाळीस हजार, सगळे बँकेतून, पण कर्ज मंजूर व्हायला बारा दिवस लागणार. फरक एक लाख दहा हजारांचा. पुतण्या वापीच्या बाजूने होता. त्याने सरळ हिशेब मांडला, बहिणीची एका सत्राची फी निघते.

मी वही काढली. गाडी गुजरातेत जाणार म्हणजे इथून फॉर्म २८ ची एनओसी घ्यायची आणि तिकडे कर भरून नवी नोंदणी होईपर्यंत नाव भाभींचंच. व्यापाऱ्याने ते सहा महिने टाळलं तर मी वापीला जाऊन काय करणार? आणि बारा लाख रोख घ्यायचे कसे? २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला, जितके घेतले तितकाच. भाभींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरांना द्या. मला रात्री मेसेज नकोत."

डॉक्टरांना मी गाडी दाखवली तेव्हा आधी कुरतडलेल्या वायरींचं बिल दाखवलं, मग डाव्या दाराखालचा गंज. त्यांनी वीस हजार कमी केले. अब्बा असते तर खूश झाले असते, अम्मी चिडली असती.

पैसे आरटीजीएसने आले. ते आता चोवीस तास, रविवारीही चालतं, त्यामुळे 'बँक बंद आहे, सोमवारी टाकतो' ही सबब ऐकून चावी देऊ नका. आणि मोबाइलवरच्या मेसेजचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. आम्ही खात्यात रक्कम दिसल्यावरच गाडी दिली. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही घातली, किलोमीटरचा आकडा घातला. फास्टॅग त्याच दिवशी बंद केला. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आम्ही थांबलोच नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणि पुतण्या एकत्र बसले आणि अर्ज ऑनलाइन भरला. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी खरेदीदारालाही चौदाच दिवस असतात, ते डॉक्टरांना आठवण करून सांगितलं.

पुढे एका सकाळी पुतण्याने फोनवर आरसीची नोंद उघडून दाखवली. मालकाच्या जागी डॉक्टरांचं नाव होतं. भाभींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

एक गोष्ट मात्र गाडीबरोबर जात नाही. भाईजाननी सहा वर्षांत विम्याचा एकही दावा केला नव्हता, त्याचा पन्नास टक्के नो क्लेम बोनस वारस म्हणून भाभींना मिळाला होता. गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचा दाखला मागून घ्यावा लागतो, तो तीन वर्षं चालतो. पुतण्याला छोटी गाडी घ्यायची आहे. मी त्याला म्हटलं, सवलत हवी तर तीन वर्षांच्या आत घे आणि आईच्या नावावर घे.

भाभी म्हणाल्या, "माझ्याच नावावर असणार, तर मग चालवायला मीच शिकते."