गणिताची रोवणी

रोवणीच्या धानाचा नियम भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. पऱ्हे कितीही हिरवेगार उगवले, तरी ते उपटून बांधीत रोवल्यावाचून पीक हाती येत नाही. एका जागी दाटीने वाढलेले रोप दुसऱ्या जागी रुजते की नाही, यावर हंगाम ठरतो. दहावीच्या गणिताचेही तसेच आहे; परंतु त्याचा अभ्यास बहुधा पऱ्ह्यांपाशीच थांबतो.

याचे कारण पाठ्यपुस्तकाच्या रचनेत आहे. गणिताच्या पहिल्या भागात सहा आणि दुसऱ्या भागात सात प्रकरणे आहेत. प्रत्येक प्रकरणाखालील उदाहरणे त्याच प्रकरणाच्या रीतीने सुटतात. ‘वर्गसमीकरणे’ या मथळ्याखालचे उदाहरण आपली रीत आधीच सांगून टाकते. विद्यार्थ्याला उरते ती केवळ आकडेमोड. प्रश्नपत्रिकेत मात्र मथळा नसतो. समजा, एका आयताकृती बांधीची लांबी रुंदीपेक्षा 7 मीटरने अधिक आहे आणि कर्ण 13 मीटर आहे. तर तिची लांबी-रुंदी किती? प्रारंभ पायथागोरसच्या प्रमेयाने होतो आणि वाट वर्गसमीकरणाकडे वळते. रुंदीची किंमत 5 किंवा उणे 12 येते. रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून दुसरी किंमत सोडावी लागते. अर्थात लांबी 12 मीटर. येथे आकडेमोड किरकोळ आहे; खरी कसोटी रीत ओळखण्याची आणि उत्तर पारखण्याची आहे. ही कसोटी गतवर्षांच्या प्रश्नपत्रिका घेतात. त्यांचे मोल आहे ते यासाठी.

दुर्दैवाने त्यांचा उपयोग भलत्याच कामासाठी होतो. अमुक प्रमेय गेल्या वर्षी येऊन गेले, तेव्हा यंदा ते येणार नाही, असे आडाखे बांधण्यासाठी त्या चाळल्या जातात. अथवा सोडविलेल्या उत्तरांची पुस्तिका समोर ठेवून वाचल्या जातात. उत्तर वाचताना सारेच सोपे वाटते, आणि समजल्याचा हा भास परीक्षागृहात दगा देतो. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उतारा पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले. आठवडाभरानंतर मात्र, न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. ते प्रयोग गणिताचे नव्हते. तथापि त्यांचा बोध गणितालाही लागू पडावा असा आहे.

तेव्हा प्रश्नपत्रिका सोडवावयाची ती पुस्तक मिटून आणि घड्याळ लावून. प्रत्येक भागाची लेखी परीक्षा 40 गुणांची आणि दोन तासांची असते. सरावालाही तोच वेळ असावा. निवडही डोळसपणे व्हावी. दहावीची सध्याची पाठ्यपुस्तके 2018 साली आली. म्हणून मार्च 2019 पासूनच्या प्रश्नपत्रिका प्रथम घ्याव्यात. त्यापूर्वीच्या पत्रिकांत वस्तू व सेवा करावरील उदाहरणे मिळणार नाहीत, कारण तो करच मुळी 1 जुलै 2017 पासून लागू झाला. महासाथीमुळे 2021 ची परीक्षा झाली नाही आणि 2022 साली अभ्यासक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी केलेला होता, हेही ध्यानात ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे काम पत्रिका सोडवून झाल्यावर सुरू होते. गुण कोठे गेले? रीत सुचली नाही, चिन्ह चुकले, की प्रश्नच नीट वाचला नाही? या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. चुकांची नोंद ठेवून आठवड्याने तेच उदाहरण कोऱ्या कागदावर पुन्हा सोडविणे, यालाच उजळणी म्हणावे.

हा सारा खटाटोप परीक्षार्थी घडवितो, विद्यार्थी नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. आडाख्यांपुरता तो खराच आहे. परंतु न सांगितलेली रीत स्वतः शोधणे हे परीक्षेपुरते कौशल्य नव्हे. गणिताचा तो गाभाच आहे.

लाखांदूर वा मोहाडी तालुक्यातील खेड्यात राहणाऱ्या मुलाला नागपूरच्या शिकवणीवर्गाची वाट दूरची आणि खर्चाची असते. प्रश्नपत्रिका मात्र त्याला आणि नागपूरच्या मुलाला मंडळ एकच देते. त्या पत्रिकांचा वर्षवार संच शाळेच्या कपाटात असणे, परीक्षेपूर्वीच्या महिन्यांत आठवड्यातून दोन तास त्यासाठी राखणे आणि त्यानंतर शिक्षकाने मुलाशेजारी बसून चूक कोठे झाली हे पाहणे, याला फारसे धन लागत नाही. लागते ते नियमितपणाचे व्रत. पऱ्हे शाळेत उगवलेच आहेत. रोवणीचा चिखल तुडविण्याची तयारी तेवढी हवी.