स्टेंट बसला, पुढे काय?

हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसवून घरी परतलेला गृहस्थ समाचाराला येणाऱ्या प्रत्येकास ‘नव्वद टक्के ब्लॉकेज होतं, आता शून्य’ असे ज्या निश्चिंतपणे सांगतो, ती निश्चिंती वैद्यकशास्त्राच्या वाट्याला मात्र सहजासहजी आलेली नाही. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या हृद्‌रोहिणीत फुगा फुगवून तिचा अरुंद भाग प्रथमच रुंद केला. परंतु पुढे अनुभव असा आला, की रुंद केलेल्या रोहिणींपैकी सुमारे एक तृतीयांश सहा महिन्यांच्या आतच पुन्हा आकसतात. १९८६ साली तुलूझमध्ये झाक प्युएल यांनी मनुष्याच्या हृद्‌रोहिणीत पहिला स्टेंट बसवला, आणि त्या धातूच्या जाळीने हे प्रमाण उतरले, तरी समूळ गेले नाही.

याचे कारण असे, की फुग्याच्या दाबाने रोहिणीच्या अस्तराला जखम होते, तिथे रक्तबिंबिका चिकटतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि त्यांच्या चिथावणीने भित्तिकेतील स्नायुपेशी वाढत वाढत, जाळीच्या तारांमधून वाट काढीत, आतल्या पोकळीत शिरतात. जखम भरून काढण्याचा शरीराचा हा उत्साहच येथे अनाठायी ठरतो.

या दाहाची खबर रक्तातून लागावी, म्हणून संशोधकांचे लक्ष सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनकडे, म्हणजे सीआरपीकडे, गेले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेले हे प्रथिन यकृतात तयार होते. अतिसंवेदनशील चाचणीत ते लिटरमागे एक मिलिग्रॅमहून कमी असल्यास हृदयविकाराचा धोका अल्प आणि तीनहून अधिक असल्यास मोठा मानतात. पण सीआरपी म्हणजे चौकीवर आलेली निनावी वर्दी होय: कोठेतरी आग लागली एवढे ती कळवते, घर कोणाचे ते सांगत नाही. दाढ सुजलेल्या किंवा तापातून नुकत्याच उठलेल्या माणसाने हा आकडा पाहून हृदयाची काळजी करीत बसणे व्यर्थ आहे. आकडा दहाच्या वर गेला तर आधी अन्यत्र संसर्गाचा तपास करावा आणि प्रकृती सुधारल्यावर चाचणी पुन्हा करावी, हेच शहाणपणाचे.

जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी बुरशीतून स्टॅटिनवर्गीय पहिले द्रव्य वेगळे केले ते १९७३ साली. ही औषधे कोलेस्टेरॉल उतरवतात, तसाच सीआरपीही उतरवतात. मग रोहिणीचे पुन्हा आकसणेही त्यांनी टळेल, अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात १९९९च्या फ्लेअर या चाचणीत, फुग्याने रुंद केलेल्या रोहिणींच्या बाबतीत, फ्लुवास्टॅटिनने ती आशा पुरी केली नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या लिप्स या चाचणीने मात्र वेगळाच दाखला दिला. रोहिणी रुंद करून घेतलेल्या १,६७७ रुग्णांवर केलेल्या या चाचणीत तेच औषध घेणाऱ्यांना हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका २२ टक्क्यांनी कमी आढळला.

आकसण्याचा खरा बंदोबस्त केला तो औषध पाझरणाऱ्या स्टेंटने. त्यातील सिरोलिमस हे औषध मूळचे ईस्टर बेटाच्या मातीतील जिवाणूचे. ते वेगळे करणाऱ्या पथकाचे प्रमुख होते सुरेंद्रनाथ सेहगल. या औषधाने स्नायुपेशींची वाढ जागच्या जागी रोखली जाते.

म्हणून स्टेंट आणि स्टॅटिन यांची कामे भिन्न आहेत, असे मानणेच योग्य. स्टेंट बोटाच्या पेराएवढ्या जागेची व्यवस्था पाहतो. उरलेल्या सगळ्या रोहिण्यांची जबाबदारी गोळीवर असते. तेव्हा ‘ब्लॉकेज गेलं’ म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. स्नायू दुखू लागले तर ते डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलून मार्ग बहुधा निघतो.