पत्र्यावरचा दगड, उशाशी फोन

धाराशिव जिल्ह्यात ‘गूढ आवाज’ ही बातमी वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या पाहुण्यासारखी आहे. येण्याआधी कळवत नाही आणि गेल्यावर चर्चा मात्र आठवडाभर पुरते. भरदुपारी कुठेतरी मोठा धमाका होतो, खिडक्यांची तावदाने थरथरतात, फडताळातली भांडी किणकिणतात. पाठोपाठ दुसरा आवाज सुरू होतो, तो मात्र अजिबात गूढ नसतो. तो मोबाइलचा असतो. ‘तुमच्याकडे आला का?’ ‘कळंबला आला.’ ‘तुळजापुरात नाही जाणवला.’ दहा मिनिटांत तालुकानिहाय पंचनामा पूर्ण होतो आणि पंधराव्या मिनिटाला कुणीतरी संदेश पुढे ढकलतो : आज रात्री मोठा धक्का येणार, वेळ अमुक, तीव्रता तमुक, ‘नासा’ने सांगितले आहे.

या आवाजांमागे वेगवेगळी कारणे असू शकतात. ध्वनीपेक्षा जास्त वेगाने जाणारे लढाऊ विमान डोक्यावरून गेले, तर मागे असाच दणका ऐकू येतो. विहिरीचे किंवा खाणीचे सुरुंग हेही एक कारण. शिवाय कमी खोलीवर झालेला अगदी लहान भूकंपही, जमीन फारशी न हलवता, नुसता गडगडाट करून जाऊ शकतो. यापैकी नेमके काय घडले, हे भूकंपमापकाच्या नोंदी तपासूनच कळते. या तपासणीला वेळ लागतो. संदेश पुढे पाठवायला एक बोट पुरते. त्यामुळे अधिकृत खुलासा येईपर्यंत अर्धे गाव अंगणात झोपायला गेलेले असते.

बाहेरच्या माणसाला याचे हसू येईल. इथल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी येते. पण रात्री येत नाही, आणि त्याचे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. बावन्न गावे मूळ जागेवरून उठवून नव्याने वसवावी लागली. ज्या जिल्ह्याच्या आठवणीत ही पहाट आहे, तिथे अफवेला मुळे धरायला वेळ लागत नाही.

भाकिताची वेळ आणि उलटा चंद्र

भूकंपाच्या अफवेला एक ठरलेला साचा आहे. तिच्यात मिनिटापर्यंत नेमकी वेळ असते, मोठ्या परदेशी संस्थेचे नाव असते आणि ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ हा आदेश असतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळच्या भूकंपानंतर उत्तर भारतभर फिरलेल्या संदेशांत पुढच्या धक्क्याची घड्याळी वेळ होती आणि चंद्र उलटा दिसणार असल्याचा इशाराही. तीव्रता तर काही संदेशांत तेराच्या घरात होती. जगात आजवर नोंदला गेलेला सर्वांत मोठा भूकंप चिलीतला, १९६० चा. त्याची तीव्रता ९.५ होती. तेरा तीव्रतेचा भूकंप व्हायला पृथ्वीवर तेवढी लांबीची भेगच नाही. पण संदेश लिहिणाऱ्याचे भूगोलाशी काही देणेघेणे नसते.

दिवस, ठिकाण आणि तीव्रता आधी सांगण्याची खात्रीची पद्धत आज जगातल्या कुठल्याही संस्थेकडे नाही. असा एक प्रयत्न यशस्वी झाल्याचे उदाहरण नेहमी दिले जाते, ते चीनमधील हायचेंगचे. फेब्रुवारी १९७५ मध्ये तिथे लहान धक्क्यांची रांग लागली, लोकांना घराबाहेर काढले गेले आणि मग मोठा भूकंप झाला. पुढच्याच वर्षी, जुलै १९७६ मध्ये, त्याच देशातील तांगशान शहरावर आणखी मोठा भूकंप कोसळला. तेव्हा आधी असे धक्के बसलेच नव्हते. तिथे दोन लाखांहून अधिक माणसे गेली.

महाराष्ट्रात याच कोड्याच्या दोन्ही बाजू आहेत. किल्लारी परिसरात १९९२ पासूनच लहान धक्के जाणवत होते आणि वर्षभराने मोठा भूकंप झाला. मागे वळून पाहताना तो इशारा वाटतो. पण कोयना परिसरात सहा दशकांपासून हजारो लहान धक्के नोंदले गेले, आणि त्यात ११ डिसेंबर १९६७ सारखा विध्वंसक भूकंप एकदाच झाला. तिथल्या प्रत्येक धक्क्याला इशारा मानले असते, तर पाटण तालुक्याने घरात झोपणे कधीच सोडून दिले असते.

फोनला आधी कसे कळते?

मग खिशातला फोन हल्ली ‘भूकंपाचा इशारा’ देतो, तो काय प्रकार आहे? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. २० जुलै २०२३ रोजी सकाळी राज्यातील अनेकांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजले आणि पडद्यावर आणीबाणीचा संदेश झळकला. फोन हॅक झाला, खात्यातले पैसे गेले, इथपर्यंत तर्क पोचले. संदेश मात्र शांतपणे सांगत होता की ही दूरसंचार विभागाची चाचणी आहे. तो शेवटपर्यंत वाचण्याआधी बंद करण्याचीच घाई अनेकांना झाली. ही सरकारची यंत्रणा पूर, वादळ अशा संकटात एखाद्या भागातील सगळ्या फोनवर एकदम सूचना पाठवण्यासाठी आहे.

दुसरी व्यवस्था गुगलची. ती अँड्रॉइड फोनसाठी भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. फोन आडवा धरला की पडदा आडवा होतो, तो ज्या संवेदकामुळे, तोच संवेदक जमिनीची थरथरही टिपतो. स्थिर ठेवलेल्या असंख्य फोनना एकाच भागात, एकाच वेळी ती जाणवली, तर मध्यवर्ती संगणक भूकंपाचा अंदाज बांधतो आणि लाटा अजून पोचल्या नाहीत तिथल्या फोनना कळवतो. म्हणजे हे भाकीत नव्हेच. भूकंप सुरू झालेला असतो. फक्त त्याची बातमी त्याच्यापेक्षा वेगाने धावते.

हिशेब साधा आहे. जमीन जोरात हलवणारी लाट सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर जाते. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथून धाराशिव शहर सरळ रेषेत दोनशे किलोमीटर. तेवढ्या अंतरावर ही लाट यायला जवळपास एक मिनिट लागते. किल्लारीपासून धाराशिव साठ किलोमीटरच्या आसपास आहे, तिथे सतरा सेकंद. त्यातले काही सेकंद यंत्रणेला खात्री करायला लागतात. आणि सास्तूर? ते तर किल्लारीला लागूनच. १९९३ मध्ये ही सगळी व्यवस्था असती, तरी जिथे सर्वाधिक माणसे गेली, तिथला फोन आणि भिंत बहुधा एकदमच हलले असते.

शिवाय यंत्रणा चुकतेही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा सुमारे एक कोटी लोकांना मोठ्या धोक्याचा इशारा देता आला असता. प्रत्यक्षात पहिल्या धक्क्याच्या वेळी असे फक्त ४६९ इशारे गेले, कारण तीव्रतेचा अंदाज फारच कमी निघाला. हे गुगलनेच नंतर मान्य केले. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो आणि रिओच्या लोकांना पहाटे उठवून भूकंपाचा इशारा दिला गेला. भूकंप झालाच नव्हता. तरीही ही सोय फोनमध्ये चालू ठेवावी. ती फुकट आहे आणि मिळाले तर दहा-वीस सेकंद थोडे नसतात. फक्त तिच्या भरवशावर भिंतीकडे पाठ फिरवू नये.

माणसे मेली ती भिंतीखाली

किल्लारीचा भूकंप ६.२ च्या आसपासचा. जगाच्या मानाने मध्यम. पण हिंगोलीच्या ४.५ शी तुलना केली, तर त्यात साडेतीनशे पट ऊर्जा होती. तो जमिनीखाली फक्त दहा-बारा किलोमीटरवर झाला. आणि वर होती माळवदाची घरे. दोन-अडीच फूट जाडीच्या, दगड-मातीच्या भिंती. बाहेरचा पदर आणि आतला पदर वेगळे, मध्ये भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. वर मातीचे धाबे. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवा थर, म्हणजे दर वर्षी छताचे ओझे वाढतेच. हे घर उन्हाळ्यात थंड, थंडीत उबदार, माणसाच्या आरोग्याला उत्तम. हादरा बसला, तेव्हा भिंतीचे पदर सुटले आणि झोपलेल्या माणसांवर दगड-माती आली. ज्या घरांत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा पक्का होता, त्यांतील काही सांगाडे भिंती ढासळल्यावरही उभे राहिलेले दिसले.

या अनुभवानंतर लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला. पत्रा हलका. पडला तरी जीव जात नाही. कित्येकांनी पुढे बरीच वर्षे पक्के घर सोडून पत्र्याच्या शेडमध्येच झोपणे पसंत केले. शास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक काही नव्हती.

पण मराठवाड्यात पत्र्याला दुसरा शत्रू आहे : वळवाचा वारा. मे महिन्यात वावटळ उठते आणि पत्रा पतंगासारखा उडतो. त्यावर सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे वर दगड ठेवणे. एक ठेवला, दुसरा ठेवला, मग तुटका पाटा, जुने टायर, फुटकी फरशी. ज्या दगडाच्या भीतीने माणूस पत्र्याखाली गेला, तोच दगड असा परत डोक्यावर येऊन बसला, आणि या वेळी तर मातीचाही आधार न घेता. हिंगोलीच्या भूकंपानंतर प्रशासनाने लोकांना पहिले आवाहन केले, ते नेमके हेच : पत्र्यावर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्या. त्या दिवशी समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरल्या त्या मात्र हलणाऱ्या पंख्यांच्या चित्रफिती.

एका बोल्टची गोष्ट

दगड काढा म्हणणे सोपे आहे. दगड फुकट असतो, बोल्टला पैसे पडतात आणि वेल्डरला मजुरी. तरीही हिशेब करून पाहावा. पत्रा खालच्या लोखंडी पाइपला किंवा लाकडी वाशाला ‘जे’ आकाराच्या हुकाने, वायसर लावून घट्ट आवळला आणि ते पाइप भिंतीत नीट रोवले, तर वाऱ्यालाही तो दाद देत नाही आणि हादऱ्यालाही. उशाशी ठेवायच्या नव्या फोनपेक्षा हे काम बहुतेक घरांत स्वस्तातच होते.

बाकीची काळजीही अशीच साधी. खाटेच्या डोक्याशी असलेल्या फळीवर जाते, पाटा-वरवंटा, ट्रंका ठेवू नयेत. उंच कपाट भिंतीला खिळवावे. उशाशी फोनबरोबर बॅटरी आणि खाटेखाली चपला असाव्यात, कारण अंधारात काचांवर धावून पाय कापून घेणारे पुष्कळ. जमीन हलू लागली आणि घर दगड-मातीचे असेल, दार दोन पावलांवर असेल, तर बाहेर मोकळ्या जागेत जावे, भिंतीला चिकटून उभे राहू नये. पक्क्या स्लॅबच्या घरात भक्कम टेबलाखाली शिरून डोके झाकावे. जिन्याकडे धाव घेऊ नये आणि वरच्या मजल्यावरून उडी तर मुळीच मारू नये. लहान धक्क्यांत हाडे मोडतात ती बहुधा अशा उड्यांनीच. अफवेपायी भर पावसात अंगणात झोपण्याने विंचू-सापाचा धोका वाढतो, तो वेगळाच.

नवे घर बांधताना गवंड्याला एक प्रश्न जरूर विचारावा : दारा-खिडक्यांच्या वर, चारी भिंतींवरून न तुटता फिरणारा काँक्रीटचा पट्टा आहे ना? हा पट्टा भिंतींना एकत्र बांधतो. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात हजारो गवंडी हे शिकले, त्यांपैकी अनेक जण अजून कामावर आहेत. पण घरमालकाने विचारले नाही, तर सळई वाचवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

पुढचा गूढ आवाज केव्हा येईल, हे कुणी सांगू शकत नाही. तो आला, की संदेश येतील आणि वेळही सांगितली जाईल. ते वाचून अंगणात आलेल्या माणसाने फोन खिशात ठेवून एकदा आपल्याच घराच्या पत्र्याकडे बघावे आणि वर किती दगड आहेत ते मोजावेत. उजाडल्यावर शिडी लावून ते खाली घ्यायला फार तर अर्धा तास लागेल.